मराठीच्या शिक्षिकेने रोबोटिक्सचा तास कसा घ्यावा?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे मी तो नीट समजून घेतला आहे की नाही हे आपल्याला तपासता येईल. आपण एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवता. शिक्षण बी. ए., बी. एड. विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाल्यामुळे रोबोटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे मुलांच्या भाषेत एआयचे, आठवड्याला दोन तास आपल्याकडे आले आहेत. सातवी-आठवीची मिळून ४६ मुले आहेत आणि ११ संगणकांपैकी सात चालतात. पुरवठादाराच्या माणसाने एका दिवसात प्रशिक्षण उरकले आणि काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी दाखवली. तीच गाडी आता आपल्याकडे ‘झटके देत थांबते’. मुख्याध्यापकांना २६ जानेवारीला पालकांसमोर प्रात्यक्षिक हवे आहे. आपण विचारता, की मी आधी पायथन ही संगणकभाषा शिकून घेऊ का. आणि त्याखालीच, जरा दबक्या आवाजात, असेही विचारता की जे मलाच येत नाही ते मुलांना शिकवणे ही फसवणूक नाही का.

मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक. नऊ वर्षे आयटीआयमध्ये शिकवले आणि गेली अकरा वर्षे शाळेतली मुले, शिक्षक आणि अधूनमधून बचत गटांतील महिला यांना हेच विषय शिकवतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की पायथनने आपली अडचण सुटणार नाही. एकाच खोक्यातून, एकाच नावाखाली, दोन निरनिराळ्या गोष्टी आपल्याकडे आल्या आहेत आणि त्या वेगळ्या आहेत हे आपल्याला कोणी सांगितले नाही, ही खरी अडचण आहे. पट्टीवरून चालणारी गाडी काहीही शिकत नाही. ‘डावीकडे काळे दिसले तर डावीकडे वळ’ हा नियम माणसाने लिहिला आहे आणि ती तो निमूटपणे पाळते. फोनवर बोललेले मराठी ओळखून टंकणाऱ्या यंत्राला मात्र असा एकेक नियम कोणी लिहून दिलेला नाही. ते असंख्य उदाहरणांवरून घडले आहे. पहिले नियमाचे यंत्र, दुसरे उदाहरणांचे यंत्र. हा फरक मुलांच्या मनात पक्का झाला की पुढचे पुष्कळसे आपोआप सोपे होते. तो झाला नाही, तर दहावीपर्यंत मुले रिमोटच्या गाडीलाही ‘एआय’ म्हणत राहतात.

आणि हा फरक शिकवण्यासाठी भाषेच्या शिक्षकाइतका योग्य माणूस शाळेत दुसरा नसतो. हे मी आपल्याला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. माझा सगळ्यात उपयोगी पडलेला पाठ मला मराठीच्याच एका शिक्षिकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेलो असताना सुचला. तो जरा सविस्तर सांगतो.

फळ्यावर मराठीत नसलेले तीन शब्द लिहावेत: टिंबोळी, चिपंडा, फिरकुडं. मुलांना विचारावे, की तो, ती की ते? मुले क्षणभरही थांबत नाहीत: ती टिंबोळी, तो चिपंडा, ते फिरकुडं. हे शब्द त्यांनी जन्मात ऐकलेले नसतात, तरी वर्गाचे एकमत होते. मग वर्गाचे दोन गट करावेत. पहिला गट नियमांचा. त्याने कागदावर लिंग ओळखण्याचे नियम लिहायचे. ‘शेवटी ई असेल तर ती, आ असेल तर तो, अनुस्वार असेल तर ते’ असे तीन नियम पाच मिनिटांत तयार होतात आणि गट फुशारून बसतो. मग आपण एकेक शब्द टाकावा: हत्ती, मोती, पाणी, लोणी, दही, शाळा, भाषा. प्रत्येक शब्दाबरोबर नियमांच्या खाली एक अपवाद वाढतो आणि थोड्याच वेळात कागद भरतो. नियमाचे यंत्र लिहिताना माणसाला किती कष्ट पडतात, हे मुलांनी स्वतः भोगलेले असते.

दुसरा गट उदाहरणांचा. त्याच्याकडे साठ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द आणि त्याचे लिंग. या गटाने मराठी येत असल्याचे विसरायचे आणि फक्त चिठ्ठ्या पाहायच्या. नवा शब्द आला की शेवटचे अक्षर ज्यांच्याशी जुळते अशा चिठ्ठ्या काढायच्या, मते मोजायची आणि बहुमताने उत्तर द्यायचे. ‘पाणी’ हा शब्द दिला की राणी, कहाणी, निशाणी या चिठ्ठ्या बाहेर येतात आणि हे यंत्र ठामपणे म्हणते, ‘ती पाणी’. वर्ग हसतो. हसणे ओसरल्यावर विचारावे, की यंत्राने कुठे चूक केली? उत्तर असे, की कुठेच नाही; त्याने सांगितलेले काम बरोबर केले, चिठ्ठ्यांतच पाणी नव्हते. चिठ्ठी वाढवली की उत्तर सुधारते आणि त्यासाठी एकही नियम बदलावा लागत नाही.

याच पाठात एकदा एक प्रसंग घडला, जो मी आता मुद्दाम घडवून आणतो. बांधकामावरच्या कुटुंबातला, घरी हिंदी बोलणारा एक मुलगा सहज म्हणाला, ‘सर, नळाला पाणी आला.’ वर्ग फिदीफिदी हसला. मी फळ्यावर लिहिले, ‘पानी आया’, आणि विचारले, की याच्या घरच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलेले आहे? हिंदीत पाणी पुल्लिंगी. त्याच्या उदाहरणांशी त्याचे उत्तर पूर्ण प्रामाणिक होते. मग कोणीतरी म्हणाले, की आमच्या मावशीच्या गावी ‘तो पेन’ म्हणतात आणि आमच्याकडे ‘ते पेन’. यंत्राला एकाच गावच्या चिठ्ठ्या दिल्या तर दुसऱ्या गावचे बोलणे ते चूक ठरवील, हे वाक्य त्या दिवशी मला बोलावे लागले नाही. सातवीतल्या एका मुलीने ते बोलून दाखवले.

इथपर्यंत संगणकाला हात लागलेला नाही आणि आपल्याकडचे सात संगणक ४६ मुलांना पुरत नाहीत हा प्रश्नही आलेला नाही. पहिले सहा ते आठ तास असेच जावेत असे माझे मत आहे. मुख्याध्यापक दारातून डोकावून ‘मशीन केव्हा लावणार?’ असे विचारतील, ते सोसावे.

दुसरा पाठ थोडा अधिक यांत्रिक आहे. १९६१ साली डोनाल्ड मिची या ब्रिटिश संशोधकाने, हाताशी संगणक नसताना, ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी वापरून फुल्ली-गोळा खेळायला शिकणारे यंत्र बनवले. ३०४ काडेपेट्या आपल्याला परवडणार नाहीत, म्हणून मी खेळ बदलला. टेबलावर दहा काड्या ठेवायच्या. प्रत्येक खेळाडूने आळीपाळीने एक किंवा दोन काड्या उचलायच्या आणि शेवटची काडी जो उचलील तो जिंकला. यंत्र म्हणजे चहाचे दहा कागदी कप, त्यांवर १ ते १० आकडे. प्रत्येक कपात दोन चिंचोके आणि दोन राजम्याचे दाणे टाकायचे; चिंचोका म्हणजे एक काडी, राजमा म्हणजे दोन. पहिल्या कपात मात्र फक्त चिंचोके. टेबलावर जितक्या काड्या उरल्या असतील त्या आकड्याच्या कपातून एका मुलाने न बघता एक दाणा काढायचा आणि दाणा सांगेल तितक्या काड्या यंत्राच्या वतीने उचलायच्या. काढलेले दाणे आपापल्या कपासमोर ठेवायचे. यंत्र जिंकले तर ते सगळे दाणे परत टाकून प्रत्येकाच्या जोडीला त्याच जातीचा एक जादा दाणा टाकायचा. हरले तर शेवटच्या चालीचा दाणा कायमचा बाहेर आणि बाकीचे परत. एखादा कप रिकामाच निघाला तर यंत्राने हार मानायची आणि त्याआधीच्या चालीचा दाणा काढून टाकायचा.

दोन तासांत तीस-चाळीस डाव होतात, पण आळीपाळीने कधी यंत्राने तर कधी मुलांनी सुरुवात केली पाहिजे. नेटाने खेळणारा गट समोर असेल तर आधी तिसरा कप रिकामा होतो, मग हळूहळू सहावा. दुसऱ्या कपात राजमाच उरतो. समोरच्याला तीनच्या पटीत काड्या ठेवाव्यात, हे कपांना कोणी सांगितलेले नसते. ते कुठे लिहिलेलेही नसते, दाण्यांच्या संख्येत मुरलेले असते. ‘यंत्र शिकते’ म्हणजे नेमके काय बदलते, या प्रश्नाला मुले यानंतर ‘दाणे बदलतात’ असे उत्तर देतात, आणि पुढे कधी त्यांनी मॉडेल, वजने, प्रशिक्षण हे शब्द ऐकले तर त्या शब्दांच्या आत ठेवायला त्यांच्याकडे काहीतरी असते.

एका गटाने घाई करून आपले कप मधल्या सुट्टीत दुसरीतल्या भावंडांशी खेळवले. भावंडे चुका करत होती, यंत्र वाटेल तसे खेळूनही जिंकत होते आणि प्रत्येक जिंकण्याबरोबर दाणे वाढत होते. तिसरा कप रिकामा होण्याऐवजी काठोकाठ भरला. तासाला ते यंत्र माझ्यासमोर बसवले तेव्हा ते सलग सहा डाव हरले. कोणाशी खेळून शिकले यावर यंत्राची अक्कल ठरते, हे मी आजवर याहून सोप्या रीतीने दाखवू शकलेलो नाही, म्हणून आता दरवर्षी एका गटाला मी स्वतःच दुसरीच्या वर्गाकडे पाठवतो.

आता नियमाच्या यंत्राकडे, म्हणजे आपल्या किटकडे वळू. सुरुवात ठिपक्यांच्या रांगोळीने करावी. एका मुलीने डोळे बांधून खडू धरायचा आणि दुसऱ्याने फक्त तीनच आज्ञा द्यायच्या: पुढे इतके ठिपके, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. चौकोन काढायला आठ आज्ञा लागतात आणि ‘हे चार वेळा कर’ अशी मुभा दिली की तीन ओळींत काम होते. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तिच्यातले कासव हेच करत असे. उजवी-डावी ही कासवाची की आज्ञा देणाऱ्याची, यावर दर वर्गात भांडण होते. ते होऊ द्यावे, कारण पुढे गाडीची चाके उलटी फिरतात तेव्हा याच भांडणाची आठवण कामाला येते.

आपली गाडी झटके देत थांबते याचे कारण, न पाहताही, मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. किटमध्ये लहान चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी असेल आणि मोटरी तिच्यावरच चालत असतील. त्या बॅटरीत दाब पुरेसा असला तरी मोटर सुरू होताना लागणारा प्रवाह ती देऊ शकत नाही. मोटर ओढ घेते, दाब कोसळतो, गाडीचा मेंदू असलेला अर्डुइनोचा बोर्ड बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, पुन्हा मोटरीला आज्ञा देतो आणि पुन्हा कोसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे झटके दिसतात आणि तो प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. मोटरींना चार पेन्सिल सेलचा वेगळा डबा द्यावा, बोर्डाला यूएसबीच्या वायरने पॉवर बँक जोडावी आणि दोन्हींची ऋण बाजू, म्हणजे ग्राउंड, एकत्र जोडायला विसरू नये. ती जोडली नाही तर मोटरी एक तर हलत नाहीत किंवा वेड्यासारख्या वागतात. काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, कारण बोर्ड इतकी कमी वीज ओढतो की काही जोडलेलेच नाही असे त्यांना वाटते. अशा वेळी दुसरी, शक्यतो जुनी आणि साधी, पॉवर बँक घेऊन पाहावी.

हे दुरुस्त झाल्यावरही गाडी सकाळी चालेल आणि दुपारी पट्टी सोडून भटकेल, असे होऊ शकते. पट्टी ओळखणारे सेन्सर अवरक्त प्रकाश खाली टाकतात आणि परत येणारा मोजतात. पांढरी फरशी तो परतवते, काळी पट्टी शोषते. उन्हातही अवरक्त प्रकाश असतोच. माझ्या एका वर्गात खिडक्या पश्चिमेला होत्या आणि दुपारच्या अधिवेशनातल्या गटाची गाडी रोज साडेतीननंतर बिघडायची. मुलांनी दोन दिवस प्रोग्राम बदलून पाहिला, तिसऱ्या दिवशी एकाने कंटाळून खिडकीचा पडदा ओढला. सेन्सर ज्या छोट्या पाटीवर बसवलेला असतो तिच्यावर एक निळा ठोकळा आणि त्यावर छोटा स्क्रू असतो. तो लहान पेचकसाने फिरवून, गाडी जिथे चालवायची त्याच जागी आणि त्याच वेळेला, संवेदनशीलता जुळवून घ्यावी लागते.

म्हणून बिघाड शोधण्याचा क्रम मी ठरवून दिला आहे: आधी वीज, मग जोडण्या, मग सेन्सरभोवतीची परिस्थिती आणि सर्वांत शेवटी प्रोग्राम. हा क्रम पाळायला कुठलीही पदवी लागत नाही. प्रोग्रामिंग येणारी माणसेच तो जास्त मोडतात, कारण त्यांना जे येते तिथे ती आधी हात घालतात.

संगणकावरच्या एआयसाठी गूगलचे टीचेबल मशीन वापरावे. ते २०१७ पासून उपलब्ध आहे, ब्राउझरमध्ये चालते, काही बसवावे लागत नाही आणि कॅमेऱ्यासमोर वस्तू धरून दोन-तीन गटांत तीस-चाळीस छायाचित्रे घेतली की त्यांत फरक करायला शिकते. एकाला एक संगणक लागत नाही. सहा-सात मुलांचा गट उलट चांगला, कारण एक जण पान धरतो, एक बटण दाबतो आणि उरलेले वाद घालतात. माझ्या पहिल्या प्रयोगात तुळस आणि अडुळसा यांची पाने घेतली होती. यंत्र अचूक निघाले आणि मी खूश झालो. पाहुणे आले तेव्हा मात्र ते धडाधड चुकू लागले. नंतर लक्षात आले, की तुळशीची सगळी चित्रे माझ्या हिरव्या टेबलावर घेतली होती आणि अडुळशाची भिंतीसमोर. यंत्र पान पाहतच नव्हते, टेबल पाहत होते. ही फजिती आता मी मुलांकडून ठरवून करवतो आणि कारण मात्र सांगत नाही.

त्याच तासाला फळा पुसायचे डस्टर कॅमेऱ्यासमोर धरावे. यंत्र सांगेल, ‘तुळस, ९४ टक्के’. त्याला दोनच नावे माहीत आहेत आणि शंभर टक्के त्या दोघांतच वाटायचे आहेत, म्हणून समोर काहीही असले तरी त्यातलेच एक ते छातीठोकपणे सांगते. हा टक्का खात्रीचा नसून वाटणीचा आहे, एवढे समजलेले मूल पुढे वर्तमानपत्रात ‘एआयने ९४ टक्के अचूकतेने ओळखले’ असे वाचून निदान भुवई तरी उंचावेल. मुलांचे चेहरे वापरून हा प्रयोग करू नये. मुलांना तोच करायचा असतो. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल धरलेली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, आणि पाने, डाळी, नाणी यांनी काम भागत असताना चेहऱ्यांत शिरायचे कारण नाही.

चॅटजीपीटीसारख्या संवादयंत्राबद्दल मुले विचारणारच. त्याच्या अटींनुसार १३ वर्षांखालील मुलांनी ते वापरायचे नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, त्यामुळे सातवीच्या वर्गात मी ते मुलांच्या हाती देत नाही. स्वतः चालवून पडद्यावर दाखवतो. त्याआधी एक खेळ घेतो. मी म्हणतो, ‘नाचता येईना’, वर्ग ओरडतो, ‘अंगण वाकडे’. ‘अति तेथे’, ‘माती’. मग म्हणतो, ‘आमच्या आजोबांच्या बैलाचे नाव होते’, आणि कोणीतरी क्षणात ओरडते, ‘सर्जा!’ आमच्या आजोबांकडे बैलच नव्हता. पुढचा शब्द कोणता शोभेल एवढेच पाहणारे यंत्र म्हणींच्या बाबतीत हुशार आणि बैलाच्या बाबतीत खोटारडे का ठरते, हे मुलांच्याच ओरडण्यातून उघडे होते.

आता पायथन. मुलांना या वर्षी नको. त्यांना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेले, २००७ पासून मोफत असलेले स्क्रॅच किंवा तसेच ठोकळे जोडून चालणारे साधन पुरे, कारण एखादा कंस राहिला म्हणून अडून बसण्यात सातवीच्या मुलाचा तास जाऊ नये. स्वतः आपण शिकावे की नाही, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. पुढची तीन-चार वर्षे हा विषय आपल्याकडेच राहणार असेल आणि मुले नववी-दहावीला त्यात पुढे जाणार असतील, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत अवश्य शिकावे. पुढच्या जूनमध्ये नवे विज्ञान शिक्षक येणार असतील, तर तोच वेळ टिंकरकॅड या संकेतस्थळावर अर्डुइनोच्या जोडण्या करून पाहण्यात घालवावा. तिथे चुकीची वायर जोडली तर पडद्यावर इशारा दिसतो आणि खरा बोर्ड जळत नाही.

बाकीच्या काही गोष्टीही परिस्थितीप्रमाणे बदलतील. इंटरनेट भरवशाचे नसेल तर टीचेबल मशीनचे तास एकाच आठवड्यात, मोबाइलचे हॉटस्पॉट घेऊन, उरकून टाकावेत. आपली प्रयोगशाळा केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतली असेल, तर त्या योजनेत २० लाखांपर्यंतच्या अनुदानापैकी १० लाख उभारणीसाठी आणि उरलेले चालवण्याच्या खर्चासाठी असतात, हे मुख्याध्यापकांना आठवून द्यावे. सेल, वायरी आणि पट्ट्या या उपभोग्य वस्तूंसाठी शिक्षकाने खिशातून पैसे घालण्याचे कारण नाही. आणि शिकणारे प्रौढ असतील तर हा सगळा क्रम उलटा करावा लागतो. बचत गटाच्या महिलांकडे मी चिंचोके घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला खेळ शिकवायला आलेला माणूस समजून चहा पाजला. त्यांच्यासाठी सुरुवात हातातल्या फोनपासून, ‘याने माझे बोलणे चुकीचे का लिहिले’ इथून करावी लागते.

शब्दांबद्दल एक छोटी सूचना, कारण मराठीच्या शिक्षिकेला हा मोह होणार. सेन्सरला संवेदक म्हणायचा आग्रह धरू नये. बाजारात, किटच्या डब्यावर आणि मुलांच्या तोंडी सेन्सर, मोटर, बोर्ड हेच शब्द आहेत. मराठीचा आग्रह धरायचाच असेल तर तो कारण सांगण्यात धरावा, म्हणजे ‘गाडी का थांबली’ याचे उत्तर तीन पूर्ण मराठी वाक्यांत, ‘म्हणून’ आणि ‘कारण’ वापरून लिहायला लावावे. त्यासाठी मी प्रत्येकाला अंदाजवही ठेवायला लावतो. बटण दाबण्याआधी अंदाज लिहायचा, मग काय झाले ते, मग कारण. अंदाज न लिहिता बटण दाबले तर तो प्रयोग पुन्हा करायचा. आवाजाचा प्रतिध्वनी मोजून अडथळ्याचे अंतर सांगणारा सेन्सर लावलेल्या गाडीवर आठवीच्या एका मुलाची नोंद अशी होती: ‘अंदाज: सरांच्या पायापाशी थांबेल. झाले: थांबली नाही, धडकली. कारण: सर शाल गुंडाळून खुर्चीवर बसले होते आणि शाल पायापर्यंत होती.’ भिंतीवरून आवाज टणत्कारून परत येतो, लोकरीत तो जिरतो. या नोंदीला मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि गुण मी अशाच नोंदींना देतो. गाडी चालली की नाही याला देत नाही, कारण ती शेजारच्या गटाच्या सेलवरही चालू शकते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच वहीत आहे. जे येत नाही ते येते असे भासवून शिकवले तर फसवणूक खरी. आपला अंदाज मुलांच्या अंदाजाशेजारी फळ्यावर लिहून, तो चुकला तर तसाच ठेवून, कारण त्यांच्याबरोबर शोधले तर त्यात फसवणुकीचा प्रश्न येत नाही. इतिहासाच्या तासाला पुराव्याशिवाय विधान स्वीकारू नका, असे आपण सांगतच असाल. इथे पुरावा टेबलावर धावतो, एवढाच फरक.

राहता राहिली २६ जानेवारी. गाडी दाखवावीच लागेल, तर ती सकाळी लवकर, सावलीत, झेंडावंदनाच्या जागेवर आदल्या दिवशी त्याच वेळी जुळवलेल्या सेन्सरवर आणि नव्या सेलवर दाखवावी, आणि सेलचा दुसरा भरलेला डबा एका मुलाच्या खिशात असावा. पण मुख्य टेबल कपांना द्यावे. मुलांनी महिनाभर शिकवलेले यंत्र पालकांशी खेळवावे. पहिली चाल यंत्राची ठेवली तर ते बहुतेक डाव जिंकते आणि हरलेला पालक ‘पुन्हा एकदा’ म्हणतो. त्याला आत काय आहे ते दाखवण्याचे काम मुलांकडेच द्यावे. काड्या काडेपेटीतल्याच वापरणार असाल, तर त्यांचे गूल आदल्या दिवशी काढून ठेवावेत.